उल्काने न चाखलेला स्काउस

उल्का ठोंबरेला मी बारा वर्षं ओळखते. तिची सिया आणि माझी मुलगी एकाच नर्सरीत रडायच्या. त्या रडायच्या थांबेपर्यंत आम्ही दोघी आया बाहेरच्या रेलिंगला टेकून उभ्या असायचो, तिथली ही ओळख. ती नागपूरची, मी साताऱ्याची. तिचा नवरा शशी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. उल्का नागपूरला मुलींच्या कॉलेजात होमसायन्स शिकवायची. आता ती लिव्हरपूलच्या उत्तरेला, क्रॉस्बीमध्ये, मेरीफील्ड नावाच्या केअर होममध्ये हेड कुक आहे. तिथे बत्तीस म्हातारी माणसं राहतात, आणि दर गुरुवारी त्यांना दुपारी स्काउस लागतो.

स्काउस म्हणजे गोमांसाचा दाट रस्सा. बटाटे, गाजर, कांदा घालून चार-चार तास मंद आचेवर ठेवलेला. या शहराचं ते इतकं जिवाभावाचं जेवण आहे की त्यावरून इथल्या माणसांनाच बाकीचा देश 'स्काउसर' म्हणतो. मेरीफील्डचा स्काउस चांगला असतो, हे मला तिथल्या नर्सने सांगितलं, माझ्या पोस्टमनने सांगितलं, त्याची आई तिथे आहे. तो करणाऱ्या बाईने आयुष्यात गोमांसाचा एक तुकडा जिभेवर ठेवलेला नाही, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

नोकरी लागली तेव्हा उल्काने ते सरळ सांगितलं होतं. "मी सगळं शिजवीन. बीफ चाखणार मात्र नाही." मॅनेजरबाई घाईत होत्या. आधीचा कुक आठवड्यापूर्वी सोडून गेला होता. त्या म्हणाल्या, "आतपर्यंत शिजलंय की नाही ते थर्मामीटर सांगतो, लव्ह. तू कशाला चाखतेस?"

उल्काला तेव्हा हायसं वाटलं. पण पहिल्या गुरुवारी पाच किलो शिन, म्हणजे पायाचं मांस, समोर आलं आणि तिचा हात थांबला. नागपूरला ती जे जुनं इंग्रजी पुस्तक शिकवायची त्यात एका पानावर गायीचं चित्र होतं. अंगावर तुटक रेषा आणि प्रत्येक तुकड्यावर नाव. ते पान आलं की वर्गात खुसखुस व्हायची आणि उल्का म्हणायची, "हे ऑप्शनला टाका, मुलींनो." तिने स्वतः शिकताना पण ते ऑप्शनलाच टाकलं होतं. तिने हातमोजे घातले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि सुरी चालवली. क्षमा कोणाची मागितली ते तिला मला सांगता आलं नाही.

किचनमध्ये भिंतीवर रेसिपी कार्ड होतं. उल्काने कार्डाप्रमाणे ग्रॅम मोजले, मिनिटं मोजली, थर्मामीटर खुपसला. सगळं बरोबर होतं. तरी प्लेट अर्ध्या भरलेल्याच परत आल्या. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. चौथ्या आठवड्यात म्हाताऱ्यांची देखभाल करणारी एक केअरर प्लेट घेऊन आली आणि ओशाळून म्हणाली, "आयरीन म्हणते, हे ज्याने केलंय त्याला वर पाठव."

आयरीन रिमर एकोणनव्वद वर्षांची होती. खिडकीशी खुर्चीत ताठ बसलेली, केस नीट विंचरलेले. डोळ्यांनी कडेकडेचं थोडं दिसायचं, समोरचं काही नाही. उल्का दारात उभी राहिली तशी ती म्हणाली, "तूच का ती? बस. हे काय आहे?"

"स्काउस."

"हे भांडी धुतलेलं पाणी आहे, क्वीन. त्यात कोणाचं तरी मांस बुडून मेलंय." लिव्हरपूलच्या जुन्या बायका एकमेकींना क्वीन म्हणतात. त्यात टोमणा नसतो, पण उल्काला तेव्हा ते माहीत नव्हतं. "तू हे चाखलंस?"

"नाही. मी बीफ खात नाही. आमच्या धर्मात चालत नाही."

"मग चांगलं झालंय की नाही, हे तुला कसं कळणार?"

"नाही कळत," उल्का म्हणाली. "कॉलेजात मी मुलींना शिकवायचे, चव घेतल्याशिवाय भांडं खाली उतरवू नका. आणि आता मीच..." तिने नाक ओढलं.

"रडू नकोस. पुढच्या गुरुवारी सकाळी कितीला सुरू करतेस?"

"साडेसातला."

"मला आठला खाली आणायला सांग."

केअर होमच्या किचनमध्ये रहिवाशांना येऊ देत नाहीत. म्हणून आयरीनची व्हीलचेअर डायनिंग रूममध्ये, जेवण वाढायच्या खिडकीशी लागली. खिडकीच्या आत उल्का, बाहेर आयरीन. आयरीनला भांड्यातलं काही दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. एकोणिसाव्या वर्षापासून सव्वीस वर्षं तिने बंदरावरच्या कँटीनमध्ये काम केलं होतं, दुपारला तीनशे कामगार जेवायचे.

"सगळं मांस एकदम टाकलंस ना? ऐकू येतंय, उकळतंय ते. थोडं थोडं टाक. आणि सारखं हलवू नकोस, ते कुठे पळून जात नाही."

मग तिने चरचर ऐकायला शिकवलं. मांसाचं पाणी आहे तोवर आवाज ओला असतो, पाणी आटलं की तो कोरडा होतो, तेव्हाच परतायचं. उल्काने वहीत लिहून घेतलं. मग तिला वाटलं, हे तर आपल्याला येतं. मटणाचा मसाला परतताना कडेला तेल सुटतं त्याच्या आधी असाच आवाज बदलतो.

"बटाट्यांचे दोन भाग कर," आयरीन पुढे म्हणाली. "अर्धे आत्ता, अर्धे शेवटच्या तासाला. आधीचे विरघळायला, नंतरचे चावायला. मैदा बिलकुल नको. ज्याला घाई असते तो मैदा घालतो."

दर तासाला उल्का एक चमचा रस्सा खिडकीतून बाहेर द्यायची. आयरीन डोळे मिटून घ्यायची. "मीठ कमी." "गाजर अजून गोड झालं नाही." "आता वूस्टर सॉस, दोन झटके, तीन नाही." चवीचं काम आयरीनच्या जिभेने करायचं आणि त्या वेळी भांड्याला येणारा वास उल्काने लक्षात ठेवायचा, असं त्या दोघींचं ठरून गेलं. पाच-सहा आठवड्यांत उल्का वासावरूनच सांगायला लागली, "आता तुम्ही मीठ कमी म्हणाल." आणि आयरीन तेच म्हणायची.

मधल्या वेळात गप्पा. आयरीनचे वडील बोटीवर भट्टीत कोळसा घालायचे. हे जेवण खलाशांनीच आणलं, ती सांगायची, नॉर्वेकडे आणि हॅम्बुर्गला पण त्याचीच भावंडं आहेत. लग्न केलं नव्हतं. भाची होती, पॉलीन, ती रविवारी यायची. "आणि तुझ्याकडे काय शिजवतात तासन्‌तास?" तिने एकदा विचारलं. उल्काने सावजीचा रस्सा, त्यातले मसाले, वर येणारा तेलाचा लाल थर, सगळं सांगितलं. आयरीन म्हणाली, "तेही आण कधीतरी. मरायच्या आधी आण म्हणजे झालं."

परत येणाऱ्या प्लेट पुसून खाल्ल्यासारख्या स्वच्छ यायला लागल्या. आयरीन मात्र कधी छान म्हणाली नाही. फार तर म्हणायची, "माझ्या आईपेक्षा थोडाच कमी."

हे सुरळीत चाललेलं असताना एप्रिलमध्ये उल्काचे सासरे आले.

दीनानाथ ठोंबरे नागपूरला पोस्टात होते, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आदल्या दिवाळीत सासूबाई गेल्या आणि शशीने वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. अबोल माणूस. सकाळी आंघोळ, देवपूजा, मग मफलर गुंडाळून समुद्रापर्यंत चालत जाणं. रविवारी मटण आवडीने खायचे. उल्का एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिथे काय शिजतं ते शशीने सांगितलं नव्हतं. "विचारलं तर सांगू," तो उल्काला म्हणाला होता.

सांगितलं ते सियाने. ती पंधरा वर्षांची, मराठी बोलायची हौस फार, पण बोलताना 'तो' नि 'ती'चा मेळ कधी बसत नाही. जेवताना मोठ्या कौतुकाने म्हणाली, "आजोबा, आईची स्काउस पूर्ण क्रॉस्बीमध्ये बेस्ट आहे! माझा फ्रेंड आहे ना, एमा, तिचा ग्रॅन म्हणजे आजी तिथे राहते. ती म्हणतो, असा बीफ कुणीच नाही बनवत."

दीनानाथांनी हातातला घास ताटात ठेवला. शशीकडे पाहिलं, मग उल्काकडे. ताटातच हात धुतले आणि वर खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी उल्का उठून खाली आली तर ते गॅसपाशी उभे होते. सगळ्यात लहान पातेल्यात खिचडी लावली होती. "माझं मी करून घेतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हे उल्काला जास्त लागलं. त्या दिवसापासून ते तिच्या हातचं खाईनात. चहासुद्धा स्वतःचा स्वतः करायचे आणि कप विसळून वेगळा ठेवायचे. सिया दोनदा रडली, तिला वाटलं आपलंच चुकलं.

दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी, शशी आणि सिया बाहेर गेलेले पाहून उल्का त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, मी खात नाही ते. घरात कधी आणलं नाही. कामाचे कपडे तिथेच धुवायला टाकते. घरी आले की आंघोळ करते, मगच ओट्याला हात लावते."

"ठाऊक आहे मला," दीनानाथ म्हणाले. "बेटा, मी तुला वाईट म्हणून नाही राहिलो."

"मग?"

ते खिडकीकडे वळले. "आमच्याकडे चांद्या होता. बैल. मी चौथीत असताना म्हातारा झाला. लोकं म्हणाले, विकून टाका. माझ्या बापानं नाही विकला. चार वर्षं नुसता बसवून खाऊ घातला त्याला. पोळ्याला त्याच्या पायावर डोकं ठेवायचो मी. दावणीलाच मेला तो. बाप दोन दिवस जेवला नाही." मग ते उल्काकडे वळले. "तू हातानं कापतेस ते. मला ते डोळ्यांपुढून जात नाही. मी काय करू, सांग?"

मला हे सांगताना ती म्हणाली, "मी काय बोलणार गं? लहानपणी मीसुद्धा बैलांना पुरणपोळी भरवलीय. ते चुकीचं बोलत असते तर भांडले असते."

शशीने सुचवलं, एखाद्या शाळेच्या किचनमध्ये बघ, तिथे काही ना काही तडजोड होईल. उल्काने अर्ज भरलाही. तो पाठवायच्या आदल्या दिवशी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आयरीनला पक्षाघाताचा झटका आला.

तीन आठवड्यांनी ती हॉस्पिटलमधून परत आली ती निम्मी होऊन. उजवा हात गेला होता, वाचा गेली होती. गिळता येत नव्हतं म्हणून स्पीच थेरपिस्टने लिहून दिलं होतं की सगळं अन्न पूर्ण वाटून, गुळगुळीत, दाट करून द्यायचं. एक कण राहिला तर श्वासनलिकेत जाण्याची भीती. असं अन्न तयार पाकिटांतून येतं. आयरीन एक चमचा तोंडात घ्यायची आणि मान फिरवायची. आठवड्याला किलोभर वजन उतरायला लागलं.

उल्काने अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि थेरपिस्टला फोन केला. "मी स्काउस वाटून देऊ का?"

"मांसाचे धागे राहतात," ती बाई म्हणाली. "तेवढे गेले पाहिजेत. चमचा तिरका केला की गोळा अख्खा घसरून पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहता कामा नये. तसं जमलं तर जरूर द्या. मी येऊन बघते."

पहिल्या वेळी धागे राहिले. दुसऱ्यांदा जास्त पातळ झालं. मग उल्काने शिन आणखी दोन तास शिजवलं, थोड्याशा रश्शात वाटलं, बारीक चाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढलं, पुन्हा एकदा चाळलं. गाजर वेगळं वाटलं, बटाटा वेगळा, आणि तिन्ही रंग वाडग्यात शेजारी शेजारी घातले, म्हणजे निदान कसली चव कुठली ते जिभेला कळावं. थेरपिस्टने चमचा तिरका करून पाहिला आणि मान हलवली.

भरवायचं काम केअररचं, पण उल्काने मॅनेजरबाईंना विचारून भरवण्याचं ट्रेनिंग घेतलं. त्या गुरुवारी ती आयरीनसमोर बसली आणि पहिला चमचा दिला. आयरीनने तो तोंडात धरला. किती वेळ गिळेचना. उल्का घाबरली. मग घसा हलला, आणि डाव्या हाताने आयरीनने उल्काचं मनगट शोधून घट्ट धरलं. वाडगा संपायला पन्नास मिनिटं लागली, पण संपला.

त्यानंतर रोजचं सगळंच उल्का तसं करायला लागली. फक्त आयरीनचं नाही, गिळता न येणारी आणखी चार माणसं होती, त्यांचंही. पाकिटं बंद झाली. घरी यायला उशीर व्हायला लागला. दीनानाथ आपली खिचडी करून, जेवून, पेपर वाचत बसलेले असायचे.

जुलैमध्ये एका गुरुवारी ते पत्र टाकायला बाहेर पडले आणि मागे दार लागलं. किल्ली आत, फोनही आत. शशी त्या दिवशी लंडनला, सिया शाळेच्या ट्रिपवर. पोस्टात उभा जन्म गेलेला माणूस, पत्ता विसरत नाही. मेरीफील्डचं नाव आणि रस्ता त्यांनी उल्काच्या पगाराच्या पाकिटावर वाचलेला होता. विचारत विचारत चालत गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने वहीत नाव लिहून घेतलं आणि त्यांना डायनिंग रूममध्ये नेऊन बसवलं. "ती आत्ता एकीला भरवतेय. थोडं थांबाल का?"

जेवणाची वेळ होती. सगळीकडे त्याच जेवणाचा वास. दीनानाथ खुर्चीच्या कडेवर बसले, मफलर नाकाशी धरून. चार हातांवर उल्का पाठमोरी बसलेली. तिला ते आल्याचं कळलं नव्हतं. ती चमचा भरायची, तिरका करून बघायची, आयरीनच्या ओठांना टेकवायची आणि थांबायची. घसा हलला की म्हणायची, "हं. शाब्बास." मराठीत. मग पुढचा चमचा.

मध्येच किचनमधून हाक आली म्हणून उल्का वाडगा घेऊन उठली आणि वळली, तेव्हा तिने सासऱ्यांना पाहिलं. तिच्या हातात तो वाडगा.

"किल्ली आत राहिली," दीनानाथ म्हणाले.

"दोन मिनिटं, बाबा. आलेच."

ती आत गेली. इकडे आयरीनचा डावा हात टेबलावर काहीतरी चाचपडत होता, उल्काला शोधत होता. हात कडेला गेला, खाली लोंबला. दीनानाथांनी इकडेतिकडे पाहिलं. केअरर दुसऱ्या टेबलाशी होती. ते उठले आणि त्यांनी तो हात उचलून टेबलावर ठेवला. आयरीनने त्यांची बोटं पकडली आणि सोडलीच नाहीत. उल्का परत आली तेव्हा सासरे आयरीनशेजारी खुर्ची ओढून बसलेले होते, हात तिच्या हातात, मफलर मांडीवर.

"तू भरव," ते म्हणाले. "मी आहे इथं."

उरलेला अर्धा वाडगा तिने त्यांच्यासमोर भरवला. ते सगळं बघत होते.

घरी जाताना बसमध्ये दीनानाथ एकदम बोलायला लागले. उल्काने त्यांना सासूबाईंबद्दल असं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या घशाला कॅन्सर होता. शेवटचे दोन महिने नाकातून नळी होती.

"तिनं गोळ्याची कढी मागितली होती," ते म्हणाले. "बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून दाखवलं. मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणाले. ती म्हणाली, नुसती जिभेला लाव. म्हणजे, लिहिलं तिनं. मी नाही लावली. पोस्टातला माणूस मी, नियम म्हणजे नियम. तीन दिवसांनी गेली." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझ्यासारखं कोणी विचारलं नाही तिथं, की कसं देता येईल. मीसुद्धा नाही विचारलं."

उल्काने त्यांच्या हातावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी आल्यावर ती नेहमीप्रमाणे आंघोळ करून किचनमध्ये आली, तर दीनानाथ टेबलाशी बसलेले होते. गॅसवर खिचडीचं पातेलं नव्हतं.

"मला ते पटलं नाही," ते म्हणाले. "आता या वयात पटणार पण नाही. ते तुला खोटं सांगणार नाही मी."

"हो, बाबा."

"पण वाढ मला. काय केलंय?"

"अजून काहीच नाही. पिठलं टाकते."

"टाक. लसूण जास्त घाल."

आयरीन सप्टेंबरात गेली, झोपेत. पॉलीनने उल्काला फोन केला. प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये साठेक माणसं जेवायला असतील, आणि आयरीनने झटका येण्याच्या कितीतरी आधी लिहवून ठेवलं होतं की त्या दिवशी स्काउस पाहिजे, आणि तो मेरीफील्डच्या इंडियन बाईने करायचा, केटररने नाही.

उल्काने सुट्टी घेतली. मी मदतीला गेले, बटाटे मी सोलले. हॉलच्या किचनमध्ये तिने दोन भांडी चढवली. एकात शिन. दुसऱ्यात मांस नाहीच, नुसते बटाटे, गाजर, कांदा, सलगम. पूर्वी घरात मांसाची ऐपत नसली की लिव्हरपूलच्या बायका असा करायच्या, त्याला आंधळा स्काउस म्हणतात. दोन्ही भांड्यांवर उल्का नाक नेऊन उभी राहायची, डोळे मिटून. मोठ्या भांड्यात वूस्टर सॉस घालताना तिने दोन झटके दिले आणि बाटली ठेवून दिली. बाजूला लाल कोबीचं लोणचं, पाव.

दीनानाथ आले होते, बंद गळ्याचा कोट घालून. त्यांनी हॉलमध्ये जाऊन पॉलीनला हात जोडले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी स्ट्राँग लेडी. शी हेल्ड माय हँड." पॉलीन त्यांच्या गळ्यात पडली. ते अवघडून उभे राहिले, मग हळूच तिच्या पाठीवर थोपटलं.

सगळ्यांना वाढून झाल्यावर उल्काने आंधळ्या स्काउसच्या दोन बश्या भरल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली. इतक्या गुरुवारांनंतर आयरीनने शिकवलेलं भांडं ती पहिल्यांदा खात होती. एक घास घेतला. विरघळलेला बटाटा, गाजराचा उतरलेला गोडवा, कांद्याचा तर पत्ताच नाही, नुसती चव. ती चमचा खाली ठेवून बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. चाखताना ती डोळे का मिटून घ्यायची ते कळलं."

दीनानाथांनीही चाखलं. विचार केला. "मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. "तिखट कुठं आहे?" आणि कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. भिवापुरी मिरचीचं तिखट होतं, घरून आणलेलं. समोर बसलेला एक म्हातारा, आयरीनच्या कँटीनमध्ये जेवलेला जुना गोदी कामगार, कुतूहलाने बघत होता. त्याने बशी पुढे केली. दीनानाथांनी चिमूटभर घातलं. तो खोकला, डोळ्यांतून पाणी काढलं, पाणी प्यायला, आणि पुन्हा बशी पुढे केली.

दीनानाथ ऑक्टोबरात नागपूरला परत गेले. उल्काने शाळेचा अर्ज पाठवला नाही. मेरीफील्डच्या कंपनीची आणखी पाच केअर होम आहेत, तिथल्या कुकना ती आता महिन्यातून एकदा शिकवते, गिळता न येणाऱ्यांसाठी वाटलेलं जेवण चवीचं कसं करायचं ते. पहिल्या दिवशी अकरा जण आले होते. तिने प्रत्येकाला एक चमचा दिला आणि सांगितलं, आधी हे तुम्ही खाऊन बघा, मग दुसऱ्याला भरवा. ते डाळ, भात आणि भाजीचं होतं, म्हणून तिनेही त्यांच्याबरोबर खाल्लं.